मागची सीट

क्लॅरी नोआकचं डोकं तीन आठवडे ठिकाणावर नव्हतं. अडुसष्ट वर्षांचा माणूस. उभं आयुष्य अॅडलेडच्या उत्तरेकडच्या मेंढ्यांच्या कुरणांवर पवनचक्क्या दुरुस्त करण्यात गेलेलं. जमिनीवर उभं राहून नुसत्या आवाजावरून वर कुठली बेअरिंग गेलीय ते सांगायचा. आणि आता दोन मोटरसायकलींतली एक निवडायची म्हटल्यावर धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती.

शनिवारी सकाळी शेडमध्ये दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक एडना. छत्तीस वर्षांची, टाकीवरचा हिरवा रंग गुडघे घासून घासून पांढरा पडलेला, मागच्या पेटीला बिजागरीऐवजी तार. दुसरी नवी. तिला अजून नाव नव्हतं, आणि ठेवायची क्लॅरीला हिंमत नव्हती. नाव ठेवलं की आपली झाली. ती तर दोन दिवसांपुरती आलेली पाहुणी, अंग केवढं तर अर्ध्या बैलगाडीएवढं, समोर ही मोठी काच, आणि मागे पाठ टेकायला, हात टेकायला गादी असलेली ऐसपैस सीट.

शोरूमवाला ट्रेंट त्याला म्हणाला होता, "चालवून तर बघ, गड्या. शनिवार-रविवार घेऊन जा, सोमवारी दुपारपर्यंत सांग. एडनाला मी बदल्यात घेतो. अॅडलेडचा एक दातांचा डॉक्टर तिच्यासाठी टपून बसलाय. काचेत ठेवणार आहे तिला."

"काचेत? ती काय लोणचं आहे का?" क्लॅरी भडकला होता. पण नवीची किल्ली त्याने घेतली होती, हेही खरं.

दोन्ही ठेव की, असं कुणीही म्हणेल. एडनाला दिल्याशिवाय नवी परवडत नव्हती, इतका साधा मामला. आणि नवी हवी कशाला, तर नोरीनसाठी.

नोरीन त्याची बायको. चिमणीएवढी बाई, पण चोच भारी. चाळीस वर्षं दर सप्टेंबरात दोघं मोटरसायकलवरून वर हॉकरला जायची, डोंगरात फुलं आली की. तेच गाव, तोच पब, वरच्या मजल्यावरची तीच खोली. दीड वर्षापूर्वी नोरीनचा खुबा बदलला आणि एडनाच्या उंच सीटवरून पाय पलीकडे टाकणं संपलं. गेल्या सप्टेंबरात ती म्हणाली, "माझ्यापायी तू कशाला अडतोस? जाऊन ये." तो गेला. संध्याकाळी सातच्या आत घरी परत. "क्लचची केबल तुटली," म्हणाला. ती "बरं" म्हणाली. विषय संपला.

केबल तुटली नव्हती. पण ते पुढे येईलच.

"निघायचं की अजून शेडमध्ये पूजा मांडून बसणारेस?" नोरीन दारात उभी होती. लाल जाकीट, हातात हेल्मेट. दीड वर्षाने ते जाकीट तिने कपाटातून काढलं होतं, आणि त्याला नाकाशी धरलं तर अजून पेट्रोलचा वास येत होता.

"बघ हं, चढायला जमतंय का. नाही जमलं तर..."

"नाही जमलं तर काय, मला मागच्या पेटीत घालणारेस?"

जमलं. सीट बुटकी, पाय ठेवायला रुंद पट्टी, धरायला हाताशी गादी. नोरीन एका दमात चढून बसली आणि खळखळून हसली. मग तिने त्याच्या हेल्मेटवर मागून दोनदा ठोकलं, टक् टक्. ही त्यांची चाळीस वर्षांची खूण. बसले, चल.

आणि तिथूनच त्याचा गोंधळ वाढायला लागला.

एडनावर नोरीन चढली की स्प्रिंगा खाली बसायच्या, कुरकुरायच्या. मग तिचे दोन हात कमरेला यायचे, गुडघे मांड्यांना लागायचे, वळणावर ती कुठे झुकतेय ते पाठीला कळायचं. नवीवर काही नाहीच. स्प्रिंगांनी हूं की चूं केलं नाही. ती मागे गादीला टेकून महाराणीसारखी बसलेली, हात हातांच्या गादीवर. क्लॅरीच्या पाठीला नुसती हवा. आरशात बघावं तर दोन्हीकडे पेट्या आणि रस्ता. पाच किलोमीटर झाल्यावर त्याने विचारलं, "आहेस ना?"

"नाहीये. उडी मारली मगाशी," मागून आवाज आला.

हे एक मात्र नवल होतं. एवढ्या मोठ्या काचेआड वारा लागत नव्हता, बोललेलं ऐकू येत होतं. एडनावर चाळीस... नाही, छत्तीस वर्षं, आणि तिच्या आधीच्या खटाऱ्यावर चार वर्षं, दोघं तोंड मिटून बसायची, कारण बोललेलं सगळं वारा घेऊन जायचा. आता नोरीन थांबेचना. ते बघ इमू, तो बघ रस्त्यात सरडा, जपून, ओरोरूच्या चर्चला नवा रंग दिलाय, कसला घाण रंग दिलाय. क्लॅरीला मजाही येत होती आणि चुकल्यासारखंही होत होतं. गाडी चांगली की वाईट, त्याला काही केल्या ठरवता येईना. वळण घेताना चांगली. सरळ रस्त्यावर, कुणाची तरी गाडी आपण चोरून चालवतोय असं वाटायचं.

वाटेत बेवचा पंप लागतो. पेट्रोल, चहा, पेस्टी, टायर, वर्तमानपत्र, सगळं एकाच पत्र्याखाली. क्लॅरीने सावली बघून गाडी निलगिरीखाली लावली, तशी आतून बेव धावत आली. सहा फुटी बाई, डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा उपडा घातलेला, आणि डब्याच्या मागच्या बाजूला काळ्या रंगाने काढलेले दोन मोठे डोळे.

"तिथे नको रे बाबा! वर घरटंय! मॅगपायचं!" तिने हात हलवले. "बायको अंड्यांवर बसलीय आणि नवरा माजलाय मेला. पाठमोरं माणूस दिसलं की झडप घालतो, काल पोस्टमनचा कान फोडला."

"त्यालाही संसार आहे," क्लॅरी म्हणाला आणि दोघं हेल्मेटं न काढताच आत पळाली. गाडी हलवायची राहिली ती राहिलीच.

आत पेस्टी, म्हणजे खिमा भरलेली मोठी करंजीच, आली, वर सॉस आला. नोरीनने अर्धी पेस्टी संपवली आणि काटा खाली ठेवला. "हं. ठरलं का?"

"ठरायचंय," क्लॅरी म्हणाला आणि सुरू झाला. एडना कशी पक्कड आणि तारेने दुरुस्त होते. ही कुठे बंद पडली तर मेकॅनिक कॉम्प्युटर घेऊन येणार. पण हिचे ब्रेक बघ. पण एडनाचा आवाज बघ. हिची टाकी मोठी. एडनाची टाकी लहान, पण ती कुठे संपते ते मला झोपेत कळतं.

"आणि?"

"आणि काय? तुला ही सोयीची आहे ना? मग घेऊ या की. तुझ्यासाठीच तर चाललंय."

नोरीनने हात पुसले. तिचा चेहरा बदललेला क्लॅरीला दिसला, पण का ते कळलं नाही. बिचाऱ्याला पवनचक्कीचं कळायचं.

"हे बघ, क्लॅरी. माझ्या खुब्याच्या नावावर एडनाला विकू नकोस. जन्मभर ऐकवशील. तोंडाने नाही, पण शेडमध्ये जाऊन रिकाम्या जागेकडे बघत बसशील, ते मला नाही बघवायचं. तुला हवी असेल तर घे. तुला काय हवंय ते सांग ना! तीन आठवडे ब्रेक आणि टाक्या सांगतोयस."

"मला... मला काय, दोन्ही ठीकच आहेत."

"ठीकच आहेत! धन्य आहेस बाबा." ती उठली आणि बाथरूमकडे गेली.

क्लॅरीला काय हवं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सांगता येत नव्हतं. तो बाहेर आला, पेट्रोल भरलं, गाडी पुन्हा सावलीत आणली, एडनावरच्या सवयीने कानात बोळे घातले, वर हेल्मेट चढवलं, इंजिन चालू केलं आणि दोन्ही पाय जमिनीला रोवून नोरीन चढायची वाट बघत बसला. मान वळवून बघायचं त्याने मुद्दाम टाळलं. रुसलेल्या बायकोकडे लगेच बघू नये, एवढं चाळीस वर्षांत तो शिकला होता.

हेल्मेटवर मागून दोनदा ठोकलं गेलं. टक् टक्. जरा जोरातच. रागात आहे, क्लॅरीच्या मनात आलं, आणि त्याने गिअर टाकला.

दहा किलोमीटर तो गप्प होता. तीही गप्प होती. रस्ता सरळ, दोन्हीकडे खुरटी झुडपं, लांबवर निळे डोंगर, आणि मधे मधे जांभळ्या फुलांचे पट्टेच्या पट्टे. गाडी अशी पळत होती की विचारू नका. मागे माणूस बसलंय असं वाटतसुद्धा नव्हतं. खरंच कमाल गाडी आहे, क्लॅरीने मनात कबूल केलं.

मग तो बोलायला लागला. समोर बघत, रस्त्याला सांगितल्यासारखं.

"नोरीन, केबल नव्हती तुटली."

मागून काही नाही.

"गेल्या वर्षी. मी बेवकडेच थांबलो होतो. आणि सवयीने दोन चहा मागवले. दोन! बेवने आणून ठेवले. एक माझ्यासमोर, एक समोरच्या खुर्चीपुढे. मी बघत बसलो. पुढे जायचं कशाला तेच कळेना. फुलं बघायची आणि मग? सांगायची कुणाला? तुझा चहा गार झाला तसा मी गाडी फिरवली आणि घरी आलो. हे काय सांगायचं तुला? तू म्हणाली होतीस जाऊन ये. हॉस्पिटलातून आलेल्या बाईला काय सांगू, की तुझ्याशिवाय मला रस्ता जात नाही म्हणून?"

गडी थांबला नाही.

"एडनासाठी जीव तुटतोय, खोटं नाही सांगत. पण ती एडना म्हणून नाही गं. तिच्यावर तू मला धरून बसायचीस. हिच्यावर तू आहेस की नाहीस तेच कळत नाही मला. म्हणून डोकं फिरलंय. तू हिच्यावरच बसू शकतेस, आणि हिच्यावर तू मला सापडत नाहीस. आता बोल, काय करू?"

नोरीन काही बोलली नाही. रडत असेल, त्याला वाटलं. रडू दे. त्याचं मन मात्र हलकं झालं होतं, तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

पंपापासून चाळीस किलोमीटरवर एक पडकं घर आहे. भिंती गेल्या, धुराडं तेवढं उभं. तिथे थांबून पाय मोकळे करायचे हा त्यांचा शिरस्ता. क्लॅरीने गाडी थांबवली, स्टँड लावला आणि तिला उतरायला आधार म्हणून हात मागे केला. "सावकाश हं."

हात हवेतच राहिला.

त्याने मान वळवली. मागची सीट रिकामी. गादी, हात टेकायच्या गाद्या, सगळं जागच्या जागी. बाई नाही.

क्लॅरीची पाचावर धारण बसली. पडली! कुठे पडली? कधी पडली? आपण बोलतोय, बडबडतोय, आणि ती कुठेतरी मागे रस्त्यावर... नवा खुबा... शंभरच्या वेगात! त्याने फोन काढला. तिथे कुठली आलीय रेंज? "नोरीन!" तो धुराड्याकडे बघून ओरडला. वेड्यासारखं, हे त्याला ओरडतानाच कळलं.

पण ती बसली होती. ठोकलं होतं तिने. दोनदा. मग?

त्याने गाडी फिरवली. जाताना अर्ध्या तासाचा रस्ता, येताना पाऊण तास लागला, कारण तो रस्ता बघत नव्हता, रस्त्याच्या कडा बघत होता. एका ठिकाणी झुडपात लाल काही दिसलं आणि त्याचं काळीज बंद पडायचं राहिलं. कुणीतरी टाकलेला बर्फाचा डबा होता तो. पुढे एक मेलेलं कांगारू. त्यालाही तो दोनदा बघून आला. देवाचं नाव त्याने शेवटचं स्वतःच्या लग्नात घेतलं होतं, ते त्या पाऊण तासात किती वेळा घेतलं त्याला माहीत नाही. गाडी चांगली की वाईट हा प्रश्न कुठल्या कुठे गेला. एडना असती तर कळलं असतं, हे एकच डोक्यात घुमत होतं. एडना असती तर पाठीला कळलं असतं.

बेवचा पंप दिसला. दाराशी बाकावर लाल जाकीट बसलेलं दिसलं. त्याच्या डोक्यावर आइस्क्रीमचा डबा होता.

क्लॅरी गाडीवरून कसा उतरला, स्टँड कसा लावला, देव जाणे. तो येऊन नोरीनच्या समोर उभा राहिला आणि तिच्या दंडाला हात लावून बघितला, मग दुसऱ्या दंडाला. तिच्या डोक्यावरच्या डब्यामुळे हसू की रडू ते त्याला कळेना, आणि दोन्ही एकदमच आलं.

"आलास?" नोरीन म्हणाली. "फुलं कशी आहेत यंदा?"

"तू... तू बसली होतीस! ठोकलंस तू!"

"मी कसली ठोकतेय? हातमोजे विसरले होते आत. 'थांब रे' म्हणून ओरडून गेले. बाहेर येते तर महाराज धूळ उडवत निघालेले. बेव गाडी काढून तुझ्या मागे येणार होती, मीच म्हटलं, नको, बघू कधी आठवण होते."

"मग ठोकलं कुणी?"

दारात उभ्या असलेल्या बेवने हसत हसत झाडाकडे बोट दाखवलं. फांदीवर काळापांढरा मॅगपाय चोच पुसत बसला होता. "मी खिडकीतून बघितलं ना! सरळ आला आणि हेल्मेटवर दोन ठेवून दिल्या. तुला वाटलं बायको! अरे, एवढ्या वर्षांत बायकोची चोच ओळखता येत नाही?"

दुसरा कुणी असता तर हसला असता. क्लॅरी बाकावर मटकन बसला. "एडनावर हे झालंच नसतं," तो म्हणाला. "एडनावर मला कळलं असतं."

"एडनावर मी आलेच नसते, क्लॅरी," नोरीन म्हणाली.

हे त्याने तीन आठवड्यांत एकदाही असं मांडून बघितलं नव्हतं.

बेव आत गेली आणि चहाचे दोन कप घेऊन आली. एक त्याच्यापुढे ठेवला. दुसरा नोरीनपुढे ठेवता ठेवता म्हणाली, "हा तरी गरम पी बाई. मागच्या वर्षीचा तुझा चहा मी मोरीत ओतला." आणि आत निघून गेली. सहा फुटी असली तरी बाईला कधी आत जावं ते कळायचं.

क्लॅरीने कपात बघितलं. नोरीनने डोक्यावरचा डबा काढून बाकावर ठेवला.

"सांगितलं तिने?" त्याने विचारलं.

"सव्वा तास बसलेय इथे. काय काय सांगितलं. क्लचची केबल म्हणे!"

"मी सगळं सांगितलं गं तुला. आत्ता. तीस किलोमीटर सांगत होतो."

"मी नव्हते ना."

"म्हणून तर सांगता आलं असेल," क्लॅरी म्हणाला, आणि नोरीन पहिल्यांदा हसली.

"मग पुन्हा सांग. गाडीवर सांग. माझ्या तोंडाकडे बघून तुला जमायचं नाही." तिने चहा संपवला, अगदी तळापर्यंत. "आणि सोमवारी ट्रेंटला काय सांगायचं ते सोमवारी बघू. आधी मला फुलं दाखव."

गाडी यावेळी उन्हात लावलेली होती, झाडापासून लांब. नोरीन चढली. कानातले बोळे या वेळी क्लॅरीने खिशातच ठेवले होते. टक् टक् झालं. क्लॅरी जागचा हलला नाही. त्याने हेल्मेटची काच वर केली, सगळं अंग वळवून मागे बघितलं, तिच्या डोळ्यांत बघितलं, मग परत पुढे वळला.

"अरे चल की! आता काय ओळखपत्र दाखवू?"

निघाले. पंप मागे पडला, रस्ता सरळ झाला, फुलांचे पट्टे लागले. क्लॅरीने घसा साफ केला. मघाशी रिकाम्या सीटला कसं भराभर सांगितलं होतं! आता एकेक शब्द जड. "दोन चहा मागवले होते मी," तो म्हणाला. पुढचं आठवेना. म्हणजे आठवत होतं सगळं, निघत नव्हतं. "एक तुझा," एवढं कसंबसं म्हणाला.

मागून काही नाही. मग जाकिटाची सळसळ ऐकू आली. नोरीनने पाठीची गादी सोडली आणि पुढे सरकली. तिला हातांशी धरायला एवढ्या गाद्या होत्या, तरी तिचे दोन हात त्याच्या कमरेला आले, गुडघे मांड्यांना लागले. आणि मग तिने एक हात वर करून हेल्मेटवर ठोकलं. टक् टक्.

क्लॅरीने डावा हात मागे नेऊन तिचा गुडघा चाचपून बघितला. ती होती.